आधी रेघ

त्या वर्षी धान्याची कोठी तळापर्यंत रिकामी होती, म्हणून बाबांनी ती फोडायचं ठरवलं.

कोठी त्यांनीच केली होती, माझ्या जन्माच्या आधी. पुरुषभर उंच, चार पायांची, बोटभर जाडीच्या फळ्यांची. एकही खिळा नव्हता तिला, सगळे सांधे खुंट्यांचे. गावातले शेतकरी नांगर, औतं, गाडीची चाकं बाबांकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि सुगीला धान्य आणून कोठीत ओतायचे. दोन पावसाळे कोरडे गेले. नांगर भिंतीला टेकून उभे राहिले. ज्या नांगराला माती लागत नाही, तो मोडतही नाही. बाबांची पटाशी दोन वर्षं धार लावून कापडात गुंडाळलेली होती.

आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. ती कोठीसमोर आडवी उभी राहिली.

"दादा, उद्या पाऊस पडला, पीक आलं, तर धान्य काय तुझ्या डोक्यावर ओतू?"

"पाऊस पडला तर नवी करीन."

"आणि लाकूड?"

"बाजूला हो. हातोडी लागेल."

"लागू दे. निदान कुणीतरी विचारेल, काय झालं म्हणून."

बाबा हसले आणि पहिली खुंटी त्यांनी उलट्या बाजूनं ठोकली. ती सहज बाहेर आली. आतून जुन्या धान्याचा वास आला आणि सांध्यात अडकलेले चार दाणे जमिनीवर पडले. आत्यानं ते वेचून कनवटीला लावले.

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं.

मी गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. चौदा मुलं. हिवाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी वह्या चाळल्या होत्या आणि शेरा लिहिला होता: 'मुलांना अक्षरे ओळखता येतात, लेखन वाचण्याजोगे नाही. उन्हाळ्यापर्यंत सुधारणा न झाल्यास वर्ग नदीपलीकडच्या शाळेस जोडावा.' नदीपलीकडची शाळा दीड तासाच्या वाटेवर होती. सहा वर्षांची मुलं काही तेवढं चालत जाणार नव्हती. जी जातील त्यांच्यात मुली नसणार, हे मोठ्या गुरुजींनी न बोलता मला सांगितलं होतं. शेऱ्याची वही त्यांनी माझ्यापुढे उघडी ठेवली आणि चष्मा पुसत बसले.

मुलांचं अक्षर वाईट होतं ते आळसानं नव्हे. शाळेच्या आधी ती पाण्याच्या टँकरला रांग लावायची. तेलाच्या जुन्या डब्याला तारेची कडी लावलेली असते, ती धरून दोन-दोन खेपा. वर्गात येऊन बसली की त्यांची बोटं मिटलेलीच असायची. पेन्सिल दिली की मुठीत धरायची, डब्याची कडी धरावी तशी. एका मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. तिच्या तळव्यावर तारेचा वळ कायमचा उमटला होता. मी वह्यांत ठिपक्यांची अक्षरं काढून द्यायचे, त्यावरून गिरवायला. पण आखडलेला हात ठिपक्यांवरून घसरायचा. 'क'चं पोट एकीकडे, दांडा दुसरीकडे. वर्गात एक मुलगा होता धांदल नावाचा. नाव अर्थातच ते नव्हतं. तो ठिपके मोजायचा, सोडायचा, आणि सगळ्यांच्या आधी "झालं!" म्हणायचा.

एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून चौदा वह्यांत ठिपके काढत होते. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. ते वहीकडे लाकडाकडे बघावं तसं बघायचे, थोडं तिरकं, डोळ्यांच्या पातळीवर धरून.

"हे काय, वाळवी लागल्यासारखं?"

"ठिपके आहेत बाबा. मुलं यावरून गिरवतात."

"हात धरून ठेवतात का हे?"

"नाही धरत. तेच तर."

त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "खाच पाड. करवत सरळ चालत नसली की आम्ही आधी खाच पाडतो. खाचेतनं करवत बाहेर जात नाही. पोराचा हात तरी कसा जाईल?"

दुसऱ्या दिवशी कोठी फुटली.

तिच्या फळ्यांच्या चोवीस पाट्या निघाल्या, प्रत्येक वीतभर. मी रात्रीच्या जेवणाआधी पाट्यांवर पेन्सिलीनं मोठी अक्षरं काढून ठेवायचे आणि सकाळी शाळेला जायचे. दिवसभर बाबा छपरीत बसून गोल तोंडाच्या पटाशीनं ती कोरायचे. अर्ध्या बोटाची खोली, तळ गुळगुळीत, कडांना काचकागद. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चौदा काड्याही त्यांनी तासल्या, टोकं गोल करून. काडी खाचेत ठेवायची आणि फिरवायची.

त्यांची छाती तेव्हाच वाजत होती. लाकडाची धूळ चाळीस वर्षं आत गेलेली. कोठीचं लाकूड जुनं, सुकलेलं. कोरताना त्यातून पिठासारखी भुकटी उडायची. आत्या तोंडाला पदर लावून चहा ठेवून जायची.

"अक्षर शिकायच्या वयात खोकला शिकलास," ती म्हणायची.

"दोन्ही एकदम जमतील."

दोन वर्षांनी त्यांच्या केसांत पुन्हा भुसा दिसत होता. दारावरून जाणारा कुणी थांबला, की ते पाटी उचलून दाखवायचे. "काय आहे हे?" असं त्यानं विचारावं म्हणून वाट बघायचे आणि विचारलं की म्हणायचे, "ते बाईंना विचारा. आम्ही फक्त लाकडाचं बघतो." बाई म्हणजे मी. घरातही ते मला गमतीनं बाईच म्हणू लागले होते.

पहिली पाटी झाली त्या सकाळी मी शाळेला निघता निघता त्यांना म्हटलं होतं, "बाबा, अक्षर जिथून सुरू करायचं तिथं एक छोटी खळगी पाडाल का? मुलांना कळेल."

"पाडतो. खळगी दिसली की बोट तिथंच जातं."

कुठून सुरू करायचं ते मी सांगितलं नाही. मला वाटलं, ते अक्षरावरून उघडच आहे. जिला लिहिता येतं तिला असं वाटतं. मला उशीर होत होता.

पाट्या पुऱ्या झाल्या तेव्हा तपासणीला सतरा दिवस होते. बाबांनी त्या स्वतः पोत्यात घालून शाळेत आणल्या. मोठ्या गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, सहज चौकटीचा सांधाही अंगठ्यानं दाबून पाहिला. मी मुलांना पाट्या वाटल्या. चौदा काड्या चौदा खळग्यांत गेल्या.

आणि चौदा काड्या वरच्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे सरकल्या.

आपण अक्षर लिहितो तेव्हा वरची आडवी रेघ शेवटी देतो. आधी अंग, मग डोक्यावर रेघ. बाबांनी सगळ्या पाट्यांवर खळगी रेघेच्या डाव्या टोकाला पाडली होती. मी पाट्या उलटसुलट करून पाहिल्या. चोवीसच्या चोवीस. लाकूडकाम करणाऱ्या माणसाला दुसरं सुचणारही नव्हतं. छप्पर करताना आढं, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड, आधी चढतं, मग त्याला वासे लागतात. त्यांनी रेघेत आढं पाहिलं होतं आणि खाली लटकलेल्या अक्षरांत वासे.

"कसं?" दारातून बाबांनी विचारलं.

त्यांच्या भुवयांवर अजून भुसा होता.

"छान झालंय बाबा," मी म्हटलं.

मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी आत्यानं मला सांगितलं की दादा आज दोन वर्षांनी पोटभर जेवला. मग मी उद्यावर टाकलं. आणि मग एक गोष्ट झाली, तिनं माझं तोंड बंद केलं. मुलांचं अक्षर सुधारलं.

आधी रेघ ओढली की अक्षर तिला धरून लटकायचं. कुणी वर पळालं नाही, कुणी खाली घसरलं नाही. खाचेनं मिटलेली बोटं हळूहळू उघडली. चिमणी काडी मुठीतून सोडून तीन बोटांत धरायला शिकली. डोळे मिटून खाचेवरून फिरवायची आणि ओठांनी अक्षर म्हणायची. दहाव्या दिवशी मी त्यांना वह्या दिल्या. त्यांनी आधी पानभर रेघा ओढल्या, दोरीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तशा, आणि मग एक एक अक्षर त्यावर टांगलं. धांदलचीसुद्धा ओळ सरळ आली. तो स्वतःच वहीकडे संशयानं बघत होता.

साहेब आले त्या दिवशी बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. शाळेत यायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीबाहेर उभे होते. मला त्यांचा खांदा दिसत होता.

साहेबांनी वह्या पाहिल्या. एक पाहिली, दुसरी पाहिली, मग सगळ्याच मागितल्या. "हीच मुलं?" त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "हीच. मोजून घ्या." साहेब हसले. मला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मग त्यांनी धांदलला बोट केलं.

"ये रे. फळ्यावर एक शब्द लिही. कोणताही."

धांदलनं खडू घेतला आणि फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग त्याखाली 'घर' लिहिलं. छोटंसं घर, आणि वर रेघच रेघ.

साहेब मोठ्यानं हसले. "अरे, भिंतींचा पत्ता नाही आणि आधी छप्पर?" मग त्यांनी चिमणीला बोलावलं, आणखी एकाला बोलावलं. सगळ्यांनी आधी रेघ ओढली. साहेबांचं हसू थांबलं. "बाई, ही कुठली पद्धत? हे कुणी शिकवलं?"

टेबलावर पाट्यांची चळत होती. त्यांनी वरची उचलली.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. शेऱ्याची वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं होतं. चिमणी फळ्यापाशीच उभी होती, खडूचा हात फ्रॉकला पुसत. मला नदीपलीकडची वाट दिसली.

मी म्हटलं, "पाट्या सुताराकडून करून घेतल्या, साहेब. त्याला अक्षर येत नाही. त्याची चूक आहे."

खिडकीतला खांदा हलला नाही. थोड्या वेळानं तो तिथं नव्हता.

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं: 'लेखनात स्पष्ट सुधारणा. वर्ग चालू ठेवावा. अक्षराची दिशा दुरुस्त करावी.' गुरुजींनी त्याखाली सही केली. मुलांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. मी वर्गात बसून राहिले. फळा पुसायला मला बराच वेळ लागला. धांदलनं रेघ फार दाबून ओढली होती.

घरी आले तर बाबा छपरीत पटाशीला धार लावत होते. सदरा काढून खुंटीला टांगलेला.

"राहिला वर्ग?" त्यांनी विचारलं.

"राहिला."

"मग चांगलं झालं."

मी उभीच होते. दगडावर पाणी शिंपडून त्यांनी पटाशीचं पातं चार वेळा ओढलं.

"बाबा, मी तिथं..."

"तू खोटं कुठं बोललीस? सुतार आहे. अक्षर येत नाही." त्यांनी पातं अंगठ्यावर तपासलं. "एक सांग. तुला आजच कळलं की आधीपासून माहीत होतं?"

"पाट्या आणल्या त्या दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोर बोललेलं ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं नव्हतं. हा पाहिला.

"मग तेव्हाच सांगायचंस की गं," ते म्हणाले. "लाकूड चुकलं तर लगेच सांगतात. सतरा दिवस तुम्ही सगळ्यांनी माझ्या चुकीवर हात फिरवला आणि मी दारात उभा राहून बघत होतो. केवढा येडा दिसलो असेन."

"कुणालाच नव्हतं कळलं, बाबा."

"तुला कळलं होतं."

आत्या चुलीपाशी होती. एरवी तिनं काहीतरी टोमणा मारला असता. तिनं भांडं उचललं आणि परत त्याच जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाट्या दुरुस्त करायला घेतल्या. खळगीत सरस घालून लाकडाची बारीक खुंटी बसवायची, सरस वाळला की वरचं डोकं कापायचं, घासून सपाट करायचं आणि नवी खळगी योग्य जागी पाडायची. मी म्हटलं, राहू द्या, मी मुलांना सांगेन, आता सुट्टी लागेल. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीच्यांना कोण सांगेल?" मी म्हटलं, मीच. त्यांनी सरसाचं भांडं पुढं ओढलं. त्यांचा माझ्या सांगण्यावरचा भरवसा गेला होता, आणि तो कुठं गेला ते मला ठाऊक होतं.

पण योग्य जागा कुठली, हे त्यांना माझ्याकडूनच घ्यावं लागे. रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, मी त्यांच्यापुढे बसायचे. त्यांचा उजवा हात हातात घ्यायचे. तर्जनीचं टोक करवतीनं कधीच गेलेलं, उरलेलं नख जाड आणि काळं. ते बोट मी खाचेत ठेवायचे आणि फिरवायचे. इथून सुरू. असं पोटाला वळायचं. मग दांडा. आणि शेवटी वर रेघ. मुलांचे हात मी रोज असेच धरत होते, पण त्यांचा हात जड होता. तो माझ्यामागे येत नव्हता, मला त्याच्यामागे जावं लागत होतं.

"हे काय अक्षर?"

"म."

"म कशाचा?"

"मोगरीचा," मी म्हटलं. पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी त्यांच्या मांडीपाशीच पडली होती. ते हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"आणि सुताराचा कुठला?"

मी 'स'ची पाटी काढून दिली. त्यांनी ती बराच वेळ बोटाखाली ठेवली. "हा जरा अवघड आहे," म्हणाले. "दोन ठिकाणी वळतो."

मला तेव्हा बोलता आलं असतं. बोलायचं काय हेही मला माहीत होतं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, क्षमा मागणारी माणसं त्यांत पानापानावर आहेत. मी पुढची पाटी घेतली.

ऊन वाढलं तसा खोकला वाढला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि धुळीपासून लांब राहायला सांगितलं. बाबा म्हणाले, "लांब म्हणजे किती? छपरी अंगणाच्या पलीकडेच आहे." सुरुवातीला दिवसाला दोन पाट्या व्हायच्या. मग एक. मग एका पाटीला दोन दिवस. घासताना ते थांबायचे, तोंड उघडं ठेवून श्वासाची वाट बघायचे आणि श्वास आला की पुन्हा घासायचे. बरगड्या मोजता यायच्या. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच बसू लागली. दोघं लहानपणीचं काहीतरी बोलत असायची. मी गेले की गप्प व्हायची.

एका दुपारी मी शाळेत वार्षिक कागद भरत होते. गुरुजी स्वतः वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, घरी जा." त्यांनी चष्मा काढला होता.

बाबा छपरीतच होते, खांबाला टेकून. आत्यानं त्यांचं डोकं धरलं होतं. ती म्हणाली, "चहा घेऊन आले तर मला वाटलं, सरस वाळायची वाट बघतोय." त्यांच्या मांडीवर पाटी होती. जुन्या खळगीत खुंटी बसवून झाली होती. तिचं डोकं कापायचं राहिलं होतं.

पलीकडे तीन पाट्यांना अजून हात लागला नव्हता.

लोकांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांच्या अंगावरून भुसा पडला. आत्यानं छपरी झाडली नाही, मलाही झाडू दिली नाही. पुढे वाऱ्यानंच ती झाडली.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. कोठी नसल्यानं धान्य पोत्यांतच राहिलं आणि आत्या उंदरांशी भांडत राहिली. पहिलीला अकरा नवी मुलं आली, त्यांत सहा मुली. मी त्यांना पाट्या दिल्या. वीस दुरुस्त केलेल्या, तीन जुन्या, आणि एक, जिच्या रेघेच्या टोकाला अजून बोटाच्या पेराएवढी खुंटी उभी आहे. दुसऱ्या सुताराकडून ती कापून घेता आली असती. गुरुजींनी दोनदा सुचवलंही. ज्याच्या वाट्याला त्या चारांतली पाटी यायची, तो विचारायचा, "बाई, यात कुठून?" मी सांगायचे. प्रत्येक वेळी सांगायचे, पहिल्याच दिवशी.

हिवाळ्यात साहेब आले, तेच. वह्या पाहिल्या, मान डोलावली. जाता जाता टेबलावरच्या चळतीतून त्यांच्या हाताला नेमकी खुंटीची पाटी लागली.

"ही अशी अर्धवट का?"

"माझ्या वडिलांनी केल्या या पाट्या," मी म्हटलं. "करता करता ते गेले."

साहेबांनी वर पाहिलं. "मागच्या वेळी तुम्ही कुणी सुतार म्हणाला होतात."

"सुतारच होते ते."

व्हरांड्यात कुणी उभं नव्हतं. मी तिकडे पाहिलं तरी. साहेब अवघडले. त्यांनी ती पाटी खाली ठेवली आणि दुसरी उचलली. तीन राहिलेल्यांपैकी होती. शब्द सापडेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून त्यांचं बोट पाटीवर फिरू लागलं. ते आपसूक खळगीत गेलं, आणि तिथून निघून डावीकडून उजवीकडे, रेघेवरून चालू लागलं.